बटणावर मारलेला शिक्का

काजिहारा सुइसान ही उवाजिमा या बंदरगावची कंपनी गेली ब्याऐंशी वर्षं बारीक मासळी वाटून, थापून, तळून तिच्या वड्या विकते आहे, आणि या ब्याऐंशी वर्षांत तिथून एकही कागद शिक्क्याशिवाय बाहेर पडलेला नाही. त्यामुळे टोकियोच्या त्या सॉफ्टवेअरच्या वापराच्या अटी संगणकावर उघडल्या आणि अगदी तळाशी 'मी सहमत आहे' असं हिरवं बटण दिसलं, तेव्हा पुढे काय करायचं हे सेइके मिचियोला कुणाला विचारावं लागलं नाही. तिने त्रेसष्ट पानं छापली. शेवटच्या पानावर ते बटणही छापून आलं. मग तिने दोन प्रती नीट बांधल्या, पाठीवर पांढरी पट्टी डकवली, पट्टीच्या सांध्यावर शिक्का मारला आणि शाचोंकडे, म्हणजे कंपनीच्या मालकांकडे, नेल्या. एकोणऐंशी वर्षांच्या काजिहारा शाचोंनी कंपनीचा मोठा गोल शिक्का हातात घेतला, त्यावर 'हा' करून तोंडाची वाफ दिली, खुर्चीतून अर्धवट उठून सगळं वजन टाकलं आणि त्या छापील बटणाच्या बरोबर मधोमध तो दाबला. दोन्ही प्रती रजिस्टर टपालाने टोकियोला गेल्या. सोबत चिठ्ठी होती: एक प्रत आपल्याकडे ठेवावी, दुसरीवर आपला शिक्का मारून परत पाठवावी, थंडी वाढते आहे, तब्येत सांभाळावी.

यात हसण्यासारखं काय आहे, हे उवाजिमात कुणालाही कळलं नसतं. करार दोघांमध्ये होतो, दोघांकडे कागद हवा. नुसतं बटण दाबून करार करायचा म्हणजे रस्त्याने जाणाऱ्याला मान हलवून मुलगी दिल्यासारखं झालं.

मिचियो बावन्न वर्षांची. काजिहारा सुइसानचा कायदा विभाग म्हणजे एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि ती. सत्तावीस वर्षं ती त्या टेबलावर बसली होती. मासेवाल्यांचे, डब्बेवाल्यांचे, ट्रकवाल्यांचे करार तिने लिहिले, आणि दर महिन्याच्या सभेचं इतिवृत्तही तीच लिहायची. आणि गेल्या दोन वर्षांत तिला ऐकू येईनासं झालं होतं. आधी उजवा कान गेला, मग डावा त्याच्या मागोमाग निघाला. पंख्याची घरघर ऐकू यायची, तळणीच्या यंत्राचा खडखडाट ऐकू यायचा. माणसांचं बोलणं मात्र भिंतीपलीकडून आल्यासारखं. श्रवणयंत्र तिने मात्सुयामाला जाऊन गुपचूप आणलं होतं, पण ते सगळंच सारखं मोठं करायचं, आणि कारखान्यात ते लावलं की डोक्यात तळण सुरू झाल्यासारखं व्हायचं. ते आता ड्रॉवरमध्ये रबरबँडच्या डबीत पडून होतं.

ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती. कारण एप्रिल. दर एक एप्रिलला कंपनीत बदल्या व्हायच्या, आणि ज्याला काम झेपत नाही त्याला बंदराच्या त्या टोकाच्या खोक्यांच्या गोदामात पाठवायची रीत होती. हाकलून देत नसत, छे! फुलं देऊन, वाकून, 'आता जरा आराम करा' म्हणत पाठवत. डोळ्यांनी अधू झालेले मुरोतानी-सान सहा वर्षं तिथे खोकी उलगडत बसले होते आणि प्रत्येक जण त्यांच्याशी फार प्रेमाने वागायचा. मिचियोला रागाची भीती नव्हती, त्या प्रेमाची होती. तिला ते टेबल हवं होतं, बस.

म्हणून तिने टोकियोचं ते सॉफ्टवेअर, 'हाकोमिमी', शोधून काढलं. सभेत ठेवलेल्या डबीएवढ्या यंत्रातून ते सगळ्यांचं बोलणं ऐकायचं आणि लगेच पडद्यावर अक्षरांत उमटवायचं. कंपनीच्या मंजुरीच्या कागदावर 'कारण' अशी एक चौकट असते. तिथे मिचियोने लिहिलं: 'सभेचं इतिवृत्त लिहिणं सोपं व्हावं म्हणून.' आयुष्यात तिने कागदावर खोटं असं लिहिलेलं ते पहिलंच वाक्य, आणि त्यानेच पुढे तिच्या नाकी नऊ आणले.

मंजुरीच्या कागदावर अकरा शिक्के लागतात. कागद खालून वर टेबलाटेबलाने फिरतो, आणि ज्याला शंका येते तो शिक्का न मारता शंका लिहून कागद परत पाठवतो. हिशेब विभागाचे प्रमुख याकुशिजिन-सान यांना पहिल्या दिवसापासून शंका. आत्ताच्या इतिवृत्तात वाईट काय आहे? ते तर उत्तम असतं. मिचियोने उत्तर लिहिलं. मग त्यांना प्रश्न पडला की सभेला बसून सगळं ऐकणारं हे सॉफ्टवेअर सभेचं सदस्य धरायचं की पाहुणा. सदस्य असेल तर त्याचा गुंडांच्या टोळीशी संबंध नाही असं लेखी घ्यायला हवं, जसं सगळ्यांकडूनच घेतात. कारखान्याचे प्रमुख ह्योदो-सान दांडगट माणूस, त्यांना अटींचाच राग आला. आम्ही कशालाही जबाबदार नाही, हे त्या लोकांनी त्रेसष्ट पानांत सतरा वेळा लिहिलं होतं. याला करार म्हणतात की आगाऊ माफीनामा, असं त्यांनी कागदाच्या समासात लिहून पाठवलं.

असं करत सव्वा महिन्याने अकरा शिक्के जमले आणि तो बांधलेला करार टोकियोला गेला. टोकियोहून आली ती ईमेल. लिहिणाऱ्याचं नाव तोकुमित्सु. त्यांची कंपनी चार माणसांची, त्यातला करार, तक्रारी आणि झाडांना पाणी हे त्याच्याकडे. पुडकं फार सुंदर होतं, असं त्याने लिहिलं होतं, आम्ही ते खिडकीत ठेवलं आहे. पण दर महिन्याच्या एक तारखेला आमच्या अटी बदलतात, त्यामुळे आपण ज्यावर शिक्का मारला त्या अटी आता हयात नाहीत. शिवाय आमच्याकडे शिक्काच नाही. कृपया बटण दाबावं.

अटी बदलल्या म्हणजे मंजुरी गेली. मिचियोने नव्या अटी छापल्या आणि कागद पुन्हा फिरवला. अकरा शिक्क्यांना लागायचा सव्वा महिना, अटी जगायच्या एक महिना. दुसऱ्या खेपेला नऊ शिक्के झाले आणि एक तारीख उजाडली. तेव्हा जानेवारी संपला होता. हे असंच चाललं तर वरातीमागून घोडं जाणार होतं, आणि तेही खोक्यांच्या गोदामात.

तेव्हा तिने तोकुमित्सुला लिहिलं की बटण राहू दे, आपण दोघांत वेगळा करार लिहू. त्याने उत्तर पाठवलं की समोरासमोर बोलूया, पडद्यावर. पडद्यावरचं बोलणं तिला ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण नाही म्हणायची सोय नव्हती.

पहिल्या बैठकीत पडद्यावर एक सत्तावीस वर्षांचा, केस विस्कटलेला मुलगा होता आणि त्याच्या मागे खिडकीत तिचं ते पुडकं. ओठ वाचावेत म्हटलं तर चित्र सारखं गोठत होतं. एकदा त्याचं तोंड उघडं असताना गोठलं आणि मिनिटभर तसंच राहिलं. मिचियोला चार शब्दांपलीकडे काही कळलं नाही. चुकीचं उत्तर देण्यापेक्षा उत्तर न दिलेलं बरं, असं ठरवून ती पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून बसली. तो बोलायचा थांबला की ती तीन श्वास मोजायची आणि म्हणायची, "असं होय."

तोकुमित्सु म्हणत होता की अटी एका गिऱ्हाइकासाठी गोठवता येत नाहीत. समोरून शांतता. तो म्हणाला, म्हणजे तसं अवघड आहे. समोरून "असं होय." तो म्हणाला, तरी तीन महिने गोठवता येतील. पुन्हा शांतता. त्याने कपाळ पुसलं. सहा महिने? बाईंनी डोळ्याची पापणीसुद्धा हलवली नाही. शेवटी तो एका वर्षावर आला आणि पाणी प्यायला उठला.

यातलं मिचियोला काहीच ठाऊक नव्हतं. अचूकतेसाठी आपलं बोलणं लेखी पाठवावं, एवढी विनंती तिने आधीच केली होती. दुसऱ्या दिवशी ईमेल वाचून तिने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. 'आपल्या मौनाचा आशय लक्षात घेऊन आम्ही पुढील सवलती देत आहोत.'

मग तर ओघच लागला. मूळ अटींत लिहिलं होतं की सभेत बोललेला प्रत्येक शब्द कायमचा, जगभर, हाकोमिमीच्या मालकीचा. शाचो दर वर्षी पहिल्या सभेत स्वतः रचलेल्या चार ओळी म्हणायचे. त्या ओळी टोकियोच्या कुणा पोराच्या मालकीच्या होणार म्हणून ह्योदो-सान खवळले होते. दुसऱ्या बैठकीत मिचियो पाऊण तास गप्प बसली आणि सगळे शब्द परत मिळाले. तिसऱ्या बैठकीत न्यायालयाचा प्रश्न होता. भांडण झालं तर टोकियोच्या न्यायालयात की उवाजिमाच्या? टोकियो म्हणता म्हणता तोकुमित्सु ओसाकाला आला, ओसाकाहून मात्सुयामाला, आणि अखेर असं ठरलं की ज्याला खटला भरायचा असेल त्याने दुसऱ्याच्या गावी जावं आणि जाताना मिठाईचा डबा न्यावा. मिठाई त्याने स्वतःच सुचवली होती. 'यात लिहिलेलं नाही असं काही उद्भवल्यास दोन्ही पक्ष मनापासून बोलून मार्ग काढतील,' हे उवाजिमाचं आवडतं कलमही शेवटी बसलं. त्याने तर कळवलं की त्यांच्या अटी आजवर जगात कुणी वाचल्याच नव्हत्या, आणि त्यात त्याने स्वतःलाही धरलं होतं.

हे खरंच होतं, कारण अटी उचललेल्या होत्या. कुठून, ते सदतिसाव्या कलमात कळत होतं: 'सेवा वापरताना वापरकर्त्याने डोक्यावर हेल्मेट घालणं बंधनकारक आहे.' सायकली भाड्याने देणाऱ्या कुणाच्या तरी अटी होत्या त्या. चूक मिचियोच्या लक्षात आली तेव्हा नव्या कराराच्या मंजुरीवर नऊ शिक्के झाले होते. तोकुमित्सु म्हणाला, लगेच काढून टाकतो. मिचियोने त्याला हात जोडून थांबवलं. एक अक्षर बदललं तरी कागद पहिल्या टेबलावर परत, आणि मार्चची वीस तारीख झाली होती. हेल्मेट राहू दे, असं तिने कळवलं. कारखान्यात पिवळी हेल्मेटं भरपूर होती.

कंपनीत तिचं नाव झालं. सेइके-सान गप्प बसल्या की टोकियो हलतं, असं याकुशिजिन-सान जेवणाच्या खोलीत सगळ्यांना सांगायचे, चांगले मोठ्याने. मिचियो वाकून आभार मानायची आणि तिला लाज वाटायची. आंधळ्याच्या पायाखाली सोनं सापडावं आणि लोकांनी त्याच्या नजरेची तारीफ करावी, तसं ते होतं. सत्तावीस वर्षं तिने शब्द तोलून तोलून करार लिहिले, तेव्हा कुणी एक शब्द बोललं नाही. आणि आता काही ऐकू येत नाही म्हणून ती थोर झाली होती.

याकुशिजिन-सान यांनी नव्या कराराचा कागद फिरायला लागण्याआधीच आणखी एक कलम घालायला लावलं होतं, चौदावं: यंत्राने लिहिलेलं एकही वाक्य अकरा शिक्क्यांशिवाय पुसता येणार नाही. नोंद म्हणजे नोंद. मिचियोने तेही लिहून दिलं होतं आणि तोकुमित्सुने मान्य केलं होतं. शिक्का नाही म्हणणाऱ्या त्या पोराने एव्हाना आपल्या कंपनीचा शिक्का कोरून घेतला होता. कागदाखाली रबराचा मऊ तुकडा घ्यावा का, शाई लाल कुठली घ्यावी, असं तो आता तिला विचारायला लागला होता.

सत्तावीस मार्चला करार पुरा व्हायचा होता. एकतीसला बदल्यांची यादी लागणार होती. तोकुमित्सु स्वतः आला, विमानाने मात्सुयामाला आणि तिथून रेल्वेने. एका हातात मिठाईचा डबा, दुसऱ्या हातात मखमली डबीत शिक्का. सभेच्या खोलीत शिक्का मारणारे अकराही जण आणि मिचियो पिवळी हेल्मेटं घालून बसले होते, शाचोंच्या हेल्मेटाचा पट्टा ह्योदो-सान यांनी हनुवटीखाली नीट बांधून दिला होता. भिंतीवर मोठा पडदा. तोकुमित्सुने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि निमूटपणे आपल्यासाठी ठेवलेलं हेल्मेट डोक्यावर चढवलं.

कागदावर दोन्ही शिक्के झाले. तरी यंत्र सुरू करायला शेवटी ते हिरवं बटण दाबावंच लागणार होतं. त्याला इलाज नाही, असं तोकुमित्सुने अगदी ओशाळून सांगितलं. कंपनीच्या वतीने सहमती द्यायचा अधिकार शाचोंचाच. लाल मखमलीच्या चौकोनावर माऊस ठेवून तो त्यांच्यापुढे आणला गेला. शाचोंनी तो उचलला, उलटा केला, त्याच्या पोटावर 'हा' करून वाफ दिली, खाली ठेवला आणि अर्धवट उठून सगळं वजन टाकून दाबला. खोलीत टाळ्या झाल्या. पडद्यावर अक्षरं उमटली: 'टाळ्या.'

मिचियोने ते वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. दोन वर्षांत सभेच्या खोलीत काय चाललं आहे हे तिला पहिल्यांदाच वेळेवर कळलं होतं.

शाचो चार शब्द बोलले, ते उमटले. तोकुमित्सु बोलला, ते उमटलं. मग चहा आला, सगळे आपापसांत सैलावले, आणि पडद्यावर नव्या ओळी यायला लागल्या. टेबलाच्या टोकाला याकुशिजिन-सान आणि ह्योदो-सान एकमेकांच्या हेल्मेटाला हेल्मेट टेकवून कुजबुजत होते. त्यांची पाठ पडद्याकडे होती.

बोलणारा दोन: 'दोन वर्षं ओरडून माझा घसा गेला. बायको म्हणते घरीही ओरडता. आता हे यंत्र आलं, आता हळू बोलता येईल ना?'

बोलणारा तीन: 'एकदम हळू नको. थोडं थोडं कमी करू. नाहीतर सेइके-सानला ऐकू येत नाही हे आपल्याला माहीत होतं, हे तिला कळेल.'

बोलणारा दोन: 'तिला कळता कामा नये.'

बोलणारा तीन: 'या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही. सगळ्यांना तसंच बजावलंय.'

खोलीत एकेक जण वाचून गप्प होत गेला. शेवटी शांततेनेच त्या दोघांना वळायला लावलं. ह्योदो-सान यांचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा झाला. तोकुमित्सुने झटकन माऊसला हात घातला, आणि तो हात तिथेच थांबला. त्याने मिचियोकडे पाहिलं.

"चौदावं कलम," तो म्हणाला. "पुसता येत नाही. अकरा शिक्के लागतील."

तेही पडद्यावर उमटलं.

"काय लिहिलंय तिथे?" शाचोंनी विचारलं. "माझा चष्मा गाडीत राहिलाय. अरे, वाचा की कुणीतरी."

कुणी वाचेना. दहा पिवळी हेल्मेटं टेबलाकडे वाकली. मिचियोला वाटलं, खुर्चीसकट जमिनीत जावं. दोन वर्षं तिने जे गुपित सांभाळलं तेच या सगळ्यांनी मिळून तिच्यापासून सांभाळलं होतं. तिला राग आला, भयंकर राग आला, आणि कुणाचा ते ठरवता येईना. ती उभी राहिली. आधी तिने हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. सत्तावीस वर्षांत तिने मोडलेलं ते पहिलं कलम. मग तिने पडद्यावरच्या चारही ओळी शाचोंना वाचून दाखवल्या, सभेत वाचतात तशा, स्पष्ट, एक शब्द न गाळता.

"खरं आहे," ती शेवटी म्हणाली. "मला ऐकू येत नाही. अर्जात मी कारण खोटं लिहिलं. इतिवृत्तासाठी नव्हतं हे. माझ्यासाठी होतं."

याकुशिजिन-सान उठले. 'बोलणारा दोन' म्हणजे तेच. त्यांचा आवाज खरंच घोगरा होता, पण तिला तो दिसला फक्त पडद्यावर.

"पहिल्या दिवशी तो कागद आला तेव्हा मी शिक्का हातात घेतला होता, सेइके-सान. पण कारणाच्या चौकटीत इतिवृत्त लिहिलेलं. इतिवृत्त म्हटलं की मला विचारणं भाग होतं, आधीच्या इतिवृत्तात काय वाईट आहे? खरं कारण लिहिलं असतं तर मी त्याच दिवशी शिक्का मारला असता. पण खरं लिहा, असं मी तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

 ह्योदो-सान यांनी उगाच चहाचा कप उचलला आणि रिकामा बघून खाली ठेवला.

शाचो मात्र विचारात पडले होते. हनुवटीखालचा पट्टा खाजवत त्यांनी निकाल दिला.

"कारण खोटं असेल तर मंजुरी रद्द. नियम आहे. नवा कागद आण."

पडद्यावर ते वाचून मिचियोला समजलं की संपलं. सव्वा महिना अकरा शिक्क्यांना, आणि बदल्यांची यादी चार दिवसांवर. तिने वाकून नमस्कार केला, जिना उतरून टेबलाशी गेली, कोरा कागद घेतला आणि परत वर आली. सगळ्यांसमोर बसून तिने कारणाची चौकट भरली: 'अर्जदाराला ऐकू येत नाही. अर्जदाराला आहे त्याच टेबलावर काम करायचं आहे.' उजव्या टोकाला तिने आपला बारका शिक्का मारला आणि कागद, रीतीप्रमाणे, शेजारच्या माणसाकडे सरकवला. तो उद्या त्याच्या टेबलावर पोहोचेल, परवा त्याला शंका येईल, असं धरून ती उठायला लागली.

पण शेजारच्या माणसाने खिशातून शिक्का काढला. त्याने मारला आणि कागद पुढे दिला. पुढच्यानेही मारला. खोलीत नुसता ठप्प ठप्प आवाज येत होता, आणि यंत्र ते इमाने इतबारे लिहीत होतं: 'ठप्प. ठप्प.' ह्योदो-सान यांनी एवढ्या जोरात मारला की कप हलले. याकुशिजिन-सान यांच्या हातात कागद सर्वांत जास्त वेळ राहिला. त्यांनी कारणाची चौकट दोनदा वाचली, पेन उचललं, खाली ठेवलं, आणि शंका न लिहिता शिक्का मारला. चहा निवायच्या आत कागद शाचोंकडे पोहोचला. शाचोंनी 'हा' केलं, उठले, दाबलं, आणि कागद मिचियोकडे परत आला.

काजिहारा सुइसानमध्ये शिक्का सरळ मारत नाहीत. खालच्या हुद्द्याचा माणूस आपला शिक्का डावीकडे, वरच्याच्या शिक्क्याकडे, जरा कलता मारतो, म्हणजे नमस्कार केल्यासारखा दिसतो. सगळ्यांत डावीकडे शाचोंचा. त्यांच्या पलीकडे वाकून नमस्कार करावा असं कुणी नाही, म्हणून तो तेवढा ताठ उभा असतो. ब्याऐंशी वर्षांच्या सगळ्या कागदांवर तसाच. या कागदावर तो उजवीकडे झुकला होता, दहा शिक्क्यांवरून पलीकडे, अर्जदाराच्या बारक्या शिक्क्याकडे तोंड करून.

मिचियो कागदाकडे पाहत राहिली. शेजारच्यानेही पाहिलं, मग त्याच्या शेजारच्याने.

चष्मा नव्हता ना, म्हणून वाकडा पडला असेल, असं याकुशिजिन-सान म्हणाले. अगदी हळू म्हणाले. मिचियोने ते पडद्यावर वाचलं.